ब्राझीलची लोकवाद्यं आणि इंडी पॉप गाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला तालमीच्या मधल्या चहाला विचारले जातात, नाहीतर रात्री अकराला आलेल्या ऑडिओ क्लिपच्या खाली लिहिलेले असतात. विचारणारे बहुतेक गिटार वाजवणारे, स्वतःचे शब्द स्वतः लिहिणारे, घरी लॅपटॉपवर रेकॉर्ड करणारे. कुठून तरी ब्राझीलचं काही कानावर पडलेलं असतं आणि ‘हे आपल्या गाण्यात कसं आणायचं’ एवढंच हवं असतं. मी ब्राझीलचा नाही. पुण्यात राहतो, काही वर्षं पांदेइरो (खंजिरीसारखं वाद्य) वाजवतोय आणि डाव्या मनगटाची तक्रार अजून मिटलेली नाही. तेव्हा उत्तरं शिकणाऱ्याचीच आहेत, पण बऱ्याच चुका करून झालेल्याची.

ब्राझीलची लोकवाद्यं म्हणजे सांबाचीच ना?

नाही. ब्राझील आकाराने भारताच्या अडीच पटींहून मोठा आहे. लावणी, बिहू आणि भांगडा एकाच डब्यात भरून त्यावर ‘भारतीय’ लिहावं, तसं ‘ब्राझिलियन’ लिहून चालत नाही.

सांबा हा रिओचा. त्याची वाद्यं म्हणजे पांदेइरो, सुर्दो हा खर्जाचा मोठा ढोल, तांबोरिम ही काडीने वाजवायची छोटी डफली, घासून वाजवायची कुईका आणि छोट्या गिटारसारखा चार तारांचा कावाकिन्यो. ईशान्येकडे, पेर्नांबुको-पाराईबाच्या कोरड्या भागात गेलात की सांफोना म्हणजे अकॉर्डियन, झाबुंबा नावाचा दुतोंडी ढोल आणि साधा ट्रँगल या तिघांवर बायांव हा नाचाचा ताल उभा राहतो. त्याच पेर्नांबुकोच्या किनाऱ्यावर, रेसिफेत, माराकातूच्या मिरवणुकीत दोरीने ताणलेले आल्फाया ढोल घुमतात. बाहियात बेरिंबाऊ, म्हणजे भोपळा लावलेलं एकतारी धनुष्य. आणि आत, साओ पाउलो, मिनास, गोयास, मातो ग्रोसोच्या शेतांमध्ये दहा तारांची व्हिओला काइपिरा. ‘काइपिरा’ म्हणजे गावाकडचा, खेडूत. ‘गावठी’ म्हणताना आपल्या आवाजात जे येतं ते त्यातही आहे, आणि ज्यांना ते म्हटलं गेलं त्यांनी ते नंतर अभिमानाने मिरवलं, हेही आहे.

एका गाण्याला यातला एकच प्रदेश निवडा. बेरिंबाऊ, अकॉर्डियन आणि कुईका एकत्र आले की विमानतळावरच्या पर्यटन जाहिरातीचा वास येतो.

ही नावं उच्चारायची कशी?

शेवटचा ‘ओ’ तिथल्या पोर्तुगीजमध्ये ‘उ’कडे झुकतो, ‘पांदेइरू’, ‘कावाकिन्यू’ असं ऐकू येईल. शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ बहुतेक ठिकाणी ‘ह’ होतो, म्हणून रेसिफेचे लोक स्वतःच्या गावाला ‘हेसिफी’ म्हणतात आणि राबेका हे लोकव्हायोलिन ‘हाबेका’ होतं. आणि तो नाकातला ‘आंव’ गोवेकरांना शिकवायलाच नको. २४ जूनला गोव्यात जे सांजांव म्हणून विहिरीत उड्या मारतात, तोच सण ब्राझीलच्या ईशान्येत शेकोट्या पेटवून, बायांव आणि फोर्रो या तिथल्या नाचगाण्यावर रात्रभर नाचून होतो. एकच संत, इकडे पाऊस, तिकडे शेकोटी.

पहिलं वाद्य कोणतं घेऊ?

पांदेइरो. पक्षपात आहे, पण कारणंही आहेत.

दिसायला ती आपली खंजिरीच. एका कड्यावर ताणलेलं कातडं, कड्यात चकत्यांच्या जोड्या. फरक चकत्यांत आहे. त्या वाटीसारख्या खोलगट असतात, बऱ्याचदा दोन वाट्यांच्या मध्ये एक सपाट चकती. त्यामुळे आवाज ‘छन्नन्न’ करत लांबत नाही, ‘छक्’ करून थांबतो. सोळा वेळा वाजवला तरी सोळाही वेगवेगळे ऐकू येतात. डाव्या हातात आडवा धरायचा आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने, बोटांच्या टोकांनी, तळव्याच्या टाचेने वाजवायचा. डावा हातही रिकामा नसतो. तो मनगटातून वाद्य हलवत राहतो आणि त्याचं एक बोट कातडं दाबून-सोडून खर्ज बंद-उघडा करतं.

आता इंडी गाण्याच्या नजरेने बघा. अंगठ्याचा खर्ज म्हणजे ड्रम किटचा मोठा ढोल, किक. तळव्याची चापट म्हणजे स्नेअर. चकत्या म्हणजे हाय-हॅट. एका हातात मावणारं आख्खं किट आहे हे. मार्कोस सुझानो या रिओच्या वादकाने कातडं खूप खाली उतरवून, छोटा माइक लावून, इफेक्ट्स जोडून हे सिद्ध करून दाखवलं. गायक-गिटारिस्ट लेनिनीसोबतचा त्याचा १९९३चा ‘ओल्यो दे पेश’ हा अल्बम मुख्यतः एक आवाज, एक गिटार आणि हा पांदेइरो यांच्या बळावर उभा आहे. ऐकताना बेस गिटार नाही हे बराच वेळ लक्षातच येत नाही.

पांदेइरोचा लूप टाकला, पण गाणं दोन गाणी एकावर एक ठेवल्यासारखं वाटतं. का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. एका मैत्रिणीच्या गाण्याला मी मोठ्या हौसेने सुर्दोचा ठोका दिला, किकच्या बरोबर, पहिल्या मात्रेवर. तिने ऐकलं आणि म्हणाली, “हे गणपतीच्या मिरवणुकीसारखं का वाटतंय?” बरोबर होतं तिचं.

सांबा दोन मात्रांचा. आपल्या कानाला सम म्हणजे पहिली मात्रा. वजन तिथे पडणार हे आपण गृहीत धरतो. पॉपचं किटही तेच करतं. सांबात सगळ्यांत मोठा, सगळ्यांत खर्जातला सुर्दो पडतो दुसऱ्या मात्रेवर. पहिलीवर त्याला उत्तर देणारा दुसरा, थोडा चढा सुर्दो असतो, आणि तिसरा मध्ये मध्ये काप घेतो. म्हणजे तोल पुढे ढकललेला: एक, *दोन*, एक, *दोन*. चालताना उजवा पाय हलका टाकून डाव्यावर वजन द्या, अंगाला कळेल.

तुमच्या किटचा किक पहिलीवर दणकतोय आणि पांदेइरोचा अंगठा दुसरीवर, तर ऐकणाऱ्याच्या पोटात दोन गुरुत्वमध्य तयार होतात. उपाय लूपचा आवाज कमीजास्त करण्यात नाही. पहिलीवरचा किक काढा. कॉर्ड बदलायची जागाही सरकवा. सांबात कॉर्ड पुष्कळदा नव्या आवर्तनाच्या अर्धी किंवा पाव मात्रा आधीच बदलते, मात्रा येईपर्यंत ती तिथे पोचलेली असते. बेस गिटारने तेवढंच करून बघा. निम्म्या वेळा गाणं तिथेच जुळतं.

एक सवय मी लावून घेतली आहे. ताल आधी, गाणं नंतर. तीन मिनिटं पांदेइरो वाजवून ठेवतो, तो कानात घालून फिरायला जातो आणि चाल त्यावर गुणगुणतो. आधी गिटारवर बांधलेल्या गाण्याला नंतर वाद्य ‘लावलं’ की ते शेवटपर्यंत पाहुणं राहतं.

लॅपटॉपवर सगळं सॉफ्टवेअरच्या सारख्या अंतरांच्या ग्रिडला चिकटवलं तर चालेल?

चालेल, आणि मेलेलं वाजेल. सांबाच्या एका मात्रेतले चार तुकडे सारख्या अंतरावर पडत नाहीत. तिसरा आणि चौथा किंचित आधी येतात. जॅझचा झोल वेगळा, हा वेगळा. सॉफ्टवेअरमधलं ‘स्विंग’चं बटण दाबून तो मिळत नाही. हाताने वाजवलेली चार आवर्तनं घ्या, त्यातलं चांगलं वाजलेलं तसंच ठेवा आणि उरलेली वाद्यं *त्याच्याकडे* सरकवा. प्रोग्रॅम केलेला सिंथ सरळ असायला हरकत नाही. एक सरळ आणि एक वाकडा एकमेकांवर घासतात तेव्हा गंमत येते. सगळंच सरळ केलं तर चकत्या शिलाई मशीनसारख्या ऐकू येतात.

हे आधी कुणी केलंय का? ऐकायला काय सांगाल?

ब्राझीलमध्ये यावरून भांडणं झाली आहेत. १७ जुलै १९६७ला साओ पाउलोत इलेक्ट्रिक गिटारच्या विरोधात चक्क मोर्चा निघाला. परदेशी वाद्य आमचं संगीत खातंय, असं म्हणणं. पुढे एलिस रेजिनासारखी मोठी गायिका होती. गायक जिल्बेर्तो जिलही त्यात चालला. आणि तोच जिल काही महिन्यांत, टीव्ही रेकॉर्ड वाहिनीच्या गीतमहोत्सवात, ‘ओस मुतांतेस’ या रॉक वाजवणाऱ्या पोरांना घेऊन ‘दोमिंगो नो पार्के’ गायला. एका बाजूला इलेक्ट्रिक गिटार, एका बाजूला बेरिंबाऊ, मागे ऑर्केस्ट्रा. दुसरा क्रमांक मिळाला. त्या गाण्यात रविवारच्या बागेत एका मुलीवरून दोघांचा खून-खराबा होतो, आणि त्यातला एक कापोएरा, म्हणजे नाचासारखा लढतीचा खेळ, खेळणारा आहे. बेरिंबाऊ कापोएराचंच वाद्य. म्हणजे ते गोष्टीतूनच आलेलं आहे. वरून शिंपडलेलं नाही.

नंतरची वाट मी अशी ऐकायला सांगतो. १९७२चा ‘आकाबोउ शोरारे’, नोव्होस बायानोस या टोळक्याचा. टोळकंच ते, सगळे एका घरात राहायचे. रॉक वाजवत होते, तेवढ्यात गायक-गिटारिस्ट जुआंव जिल्बेर्तो त्यांच्याकडे येऊन बसायला लागला आणि त्यांचे कान सांबाकडे वळले. कावाकिन्यो आणि पांदेइरोच्या शेजारी पेपेउ गोमिसची गिटार गुरगुरते आणि कुणीच कुणाच्या घरात घुसल्यासारखं वाटत नाही. त्याच वर्षीच्या जिलच्या ‘एक्सप्रेसो २२२२’ची सुरुवातच कारुआरू गावच्या पीफानोवाल्यांनी होते, पीफानो म्हणजे बांबूची आडवी बासरी. शहरी रेकॉर्डचं पहिलं पान गावाला देऊन टाकलं त्याने.

मग रेसिफे. नव्वदीच्या सुरुवातीला तिथल्या पोरांनी ‘मांगेबीट’ नावाचं प्रकरण काढलं. चिन्ह काय, तर खारफुटीच्या चिखलात रोवलेली डिश अँटेना. शिको सायन्स आणि नासांव झुंबी यांचा १९९४चा ‘दा लामा आओ काओस’ लावा. तालाचा भार आल्फायांवर आणि स्नेअरवर, त्यावर लुसिओ मायाची वाकडी-तिकडी गिटार. शिको १९९७च्या फेब्रुवारीत मोटार अपघातात गेला, जेमतेम तिशीत. दोनच अल्बम हातात ठेवून.

इंडीच्या जवळ यायचं तर रिओच्या लोस एर्मानोसचा २००१चा अल्बम, कार्निव्हलच्या ब्रास बँडची उदासी गिटार बँडच्या गाण्यात मुरवलेला. आजच्या लोकांत आना फ्रांगो एलेत्रिको आणि बाला देझेजो. साओ पाउलोचं मेता मेता त्रिकूट मात्र दिवसा ऐका. ते अंगावर येतं.

बेरिंबाऊ घेतला, पण त्याला दोनच सूर आहेत. मी काय करू?

बेरिंबाऊला काय हवंय ते बघा. एक लवचिक काठी, तिला बऱ्याचदा जुन्या टायरमधून काढलेली पोलादी तार, खाली पोकळ भोपळा. उजव्या हातात बारीक काडी आणि काशिशी नावाची वेताची छोटी खुळखुळ टोपली, डाव्या हातात दगड किंवा नाणं. तार मोकळी सोडली की एक सूर, दगड घट्ट टेकवला की साधारण एक स्वर वरचा, आणि दगड नुसता लागू दिला की ‘झ्झ’. भोपळा पोटापासून जवळ-लांब केला की आवाजाचं तोंड उघडतं-मिटतं. एवढीच संपत्ती.

म्हणून गाण्याची पट्टी बेरिंबाऊ ठरवतो. तो कुठल्या सुरावर स्थिरावतोय ते ट्यूनरवर बघा आणि गिटार त्याप्रमाणे लावा. तंबोरा मिळवून मग गायला बसण्याची सवय असलेल्या माणसांना हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. त्याचे ते दोन सूर आधार मानून वर कॉर्ड बदलत ठेवा. सूर तेच राहतात, त्यांचा अर्थ बदलत जातो. रेकॉर्ड करताना माइक भोपळ्याच्या तोंडाच्या रेषेत पण थोडा बाजूला. नाहीतर पोटाजवळून लांब नेताना आवाजाचा गोळा येतो.

नाना व्हास्कोन्सेलोस या रेसिफेच्या माणसाने हे वाद्य कापोएराच्या रिंगणातून जगभर नेलं. जॅझ ट्रंपेटवादक डॉन चेरी आणि कॉलिन वॉलकॉट यांच्यासोबतचं त्याचं त्रिकूट ‘कोडोना’ ऐका. वॉलकॉट रविशंकर आणि अल्लारखाँकडे शिकलेला, त्यामुळे सतार, तबला आणि बेरिंबाऊ एका खोलीत बसलेले सापडतात. आणि जवळचं नातं हवं असेल तर गुजरातेत बघा. तिथल्या सिद्दी लोकांचं मलुंगा नावाचं वाद्य म्हणजे भोपळ्याचं धनुष्यच. आफ्रिकेतून एक वाट अटलांटिक ओलांडून गेली, एक अरबी समुद्र. दोन्हीकडे माणसं स्वखुशीने आली होती असं नाही.

कावाकिन्यो इथे मिळत नाही. उकुलेले चालेल?

नात्याने चालेल, ती सख्खी भावंडं आहेत. पोर्तुगालचा कावाकिन्यो ब्राझीलला गेला. त्याचाच मदेइरा बेटावरचा भाऊ १८७९मध्ये बोटीने हवाईला पोचला आणि तिथे उकुलेले झाला.

कावाकिन्योच्या तारा डी-जी-बी-डी. उकुलेलेला खालच्या सप्तकातली जी तार लावा आणि ए तार एक स्वर उतरवून जी करा. झालं जी-सी-ई-जी. बोटांचे आकार हुबेहूब कावाकिन्योचे, फक्त सगळं पंचमाने खाली वाजेल. पण नायलॉनच्या तारा आहेत, त्या गोड बोलतात. कावाकिन्यो पोलादी तारांचा, तो टोचून बोलतो. सांबात त्याचं काम सूर देण्याइतकंच ताल कापण्याचं आहे. उकुलेलेने ते करायचं तर प्लेक्ट्रम घ्या, वाद्याच्या पुलाजवळ (ब्रिजजवळ) वाजवा आणि डावा हात झटक्यात उचलत राहा. समुद्रकिनाऱ्यावरच्या गोड उकुलेलेची सवय हाताला असेल तर ती घालवणं हेच खरं काम.

जाता जाता: बाहियाच्या दोदो आणि ओस्मार यांनी १९४०च्या दशकात असल्याच छोट्या वाद्याला वीज जोडली, त्यातून गितारा बायाना झाली. बायानासिस्टेम हा आजचा बँड तिच्यावरच चालतो.

व्हिओला काइपिराचा आवाज गिटारवर काढता येतो का?

बारा तारांची गिटार असेल तर आश्चर्य वाटेल इतका जवळ. व्हिओलाला दहा तारा, पाच जोड्यांत. वरच्या दोन जोड्या एकाच सुराच्या, खालच्या तीन सप्तकाच्या अंतराने. बारा तारांच्या गिटारची सहावी जोडी काढून टाकली की अगदी हीच मांडणी उरते. मग पाचवी जोडी ए वरून जी, पहिली ई वरून डी. जी-डी-जी-बी-डी. या मिळवणीला तिथे ‘रिओ आबाइशो’ म्हणतात, म्हणजे ‘नदीच्या खालच्या अंगाला’. सैतान नावेत बसून याच मिळवणीत वाजवत नदीतून खाली जायचा आणि काठावरच्या बायका भुलवायचा, अशी गोष्ट सांगतात. व्हिओलावाल्यांच्या गोष्टींना तोटा नाही. वाद्याच्या पोटात खुळखुळ्या सापाच्या शेपटीचा खुळखुळा ठेवणारेही आहेत.

या मिळवणीत नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी पूर्ण कॉर्ड वाजते. म्हणून इंडी गाणं लिहिणाऱ्याला ती फार लवकर आवडते आणि तोच धोका. एक-दोन बोटांनी सगळं छान वाजतं, गाणं मात्र पुढे सरकत नाही. चाल जोडीतिसऱ्यात, म्हणजे ‘सा’बरोबर ‘ग’, ‘रे’बरोबर ‘म’ अशी दोन सुरांनी समांतर चालवा. काइपिरा जोड्या गातातही तशाच. व्हिओलावादक तियांव काररेइरोचा उजवा हात ऐका. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्याने जो ‘पागोदे दे व्हिओला’ रुजवला त्यात उजव्या हाताचे अडथळे डाव्या हातापेक्षा अवघड आहेत.

बायांव वाजवायचाय, अकॉर्डियन नाही. हार्मोनियम?

का नाही? दोन्ही पेट्याच, दोन्हींत पत्तीच बोलते. फरक भात्याचा. सांफोना वाजवणारा भाता थरथरवून ताल काढतो; हार्मोनियमचा भाता तेवढा चपळ नाही, म्हणून ते काम उजव्या हाताच्या तुटक स्वरांना करू द्या.

लुइस गोंझागा, पेर्नांबुकोतल्या एशू गावचा, चामड्याची टोपी घालणारा, याने १९४०च्या दशकात सांफोना-झाबुंबा-ट्रँगल ही तिकडी घराघरांत पोचवली. ‘आझा ब्रांका’, दुष्काळात गाव सोडून जाणाऱ्या माणसाचं गाणं, १९४७चं. ताल मोजायला सोपा. दोन मात्रांचे आठ तुकडे करा. झाबुंबाचा खर्ज पहिल्या आणि चौथ्यावर. त्याच ढोलाच्या खालच्या तोंडावर बारीक काडी वरचे फटके देते. ट्रँगल आठही तुकडे वाजवतो, हाताने दाबून बंद, आणि प्रत्येक मात्रेच्या तिसऱ्या तुकड्यावर मोकळा: टि-कि-*टिंग*-कि.

सुरांचं गुपित आपल्याला जवळचं आहे. खमाज थाटाचे सूर तिथे सर्रास लागतात. त्यातला मध्यम तीव्र करा आणि ईशान्य ब्राझीलची ती खास, थोडी तहानलेली चाल समोर येते. कर्नाटक संगीतवाले त्या सुरावलीला वाचस्पती म्हणतील. फक्त राग म्हणून आळवत बसू नका. चाल छोटी, सरळ, पुन्हा पुन्हा येणारी.

माझ्याकडे फक्त गिटार आहे.

मग जुआंव जिल्बेर्तो. १९५९च्या ‘शेगा दे साउदादे’पासून त्याने जे केलं ते हेच होतं: सांबाची पलटण उजव्या हातात बसवणं. अंगठा सुर्दोचं काम करतो, उरलेली बोटं तांबोरिमचं. अंगठा स्थिर ठेवून बोटांना त्याच्या पुढे-मागे पडू देणं हा सहा महिन्यांचा अभ्यास आहे. तो केला की पुढे कुठलंही वाद्य आणा, ते कुठे बसणार हे हाताला आधीच माहीत असतं.

मराठी शब्द यावर बसतात का?

बसतात, पण आपली एक सवय आडवी येते. आपण ओळ समेवर सुरू करतो. ‘खिडकीत दिवा नाही’ ही ओळ ‘खि’ पहिल्या मात्रेवर ठेवून म्हणा, भावगीत. आता पहिली मात्रा सुरू झाल्यावर तिचे दोन तुकडे गप्प राहा आणि मग ‘खिडकीत’ म्हणा, ‘दिवा’चा ‘वा’ दुसरीच्या जरा आधी पडू द्या. पांदेइरोवर लगेच पाय ठेवल्यासारखं वाटेल. पोर्तुगीजसारखा ठसठशीत आघात मराठीत नाही, त्यामुळे अक्षरं पुढे-मागे सरकवली तरी शब्द मोडत नाही. मोडतो तो ऱ्हस्व-दीर्घाने. ‘दिवा’चा ‘दि’ लांबवलात की संपलं. सुराला लांबायचं असेल तिथे आ, ए, ओ येतील असे शब्द शोधा.

मिक्समध्ये चकत्या आणि आवाज भांडतात.

भांडणारच. चकत्यांची धार आणि ‘स’, ‘श’ची सीत्कार एकाच उंचीवर राहतात. इक्वलायझरच्या आधी माइक हलवा: पांदेइरोपासून हातभर लांब, कातड्याच्या बाजूने, कड्याच्या रेषेत नको. हाय-हॅट, शेकर, टाळ्या यांतलं काहीही सोबत असेल तर काढा. तरी भागलं नाही तर गाताना पांदेइरोवाल्याला फक्त अंगठा आणि तळवा वापरायला सांगा.

हे ‘त्यांचं’ आहे. आपण वापरावं का?

सगळं एका मापाचं नाही. पांदेइरो, कावाकिन्यो, व्हिओला ही बाजारात मिळणारी, लग्नात-बारमध्ये वाजणारी वाद्यं आहेत. खुशाल घ्या. पण आताबाके हे उभे ढोल कांदोंब्ले या आफ्रिकी मुळांच्या धर्मात देवतांना बोलावण्यासाठी वाजतात. तिन्हींना नावं आहेत, रुम, रुंपी, ले. त्यांची प्रतिष्ठा केलेली असते आणि कुणीही येऊन त्यांवर हात टाकत नाही. गोंधळात देवीपुढे वाजणारा संबळ कुणी अर्थ न विचारता डान्स ट्रॅकखाली लूप केला तर आपल्याला कसं वाटेल, त्यावरून अंदाज घ्या. विधीतला ताल जसाच्या तसा सँपल करू नका.

आणि ही वाद्यं फुकट टिकलेली नाहीत. १८९०च्या दंडसंहितेत कापोएरा हा गुन्हा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलिसांनी जुआंव दा बायाना या सांबावाल्याचा पांदेइरो हिसकावून घेतला, तेव्हा पिन्येइरो माशादो या सिनेटरने त्याला स्वतःचं नाव कोरलेला नवा पांदेइरो दिला, म्हणजे पुढच्या वेळी पोलीस हात लावणार नाहीत, असं सांगतात. गाण्याच्या श्रेयनामावलीत ‘पर्कशन’ एवढंच न लिहिता ताल कुठला ते लिहा. ऑनलाइन वाजवून देणारे तिथले वादक मिळतात. लूपच्या पैशांत थोडी भर घातली की माणूस वाजवतो, आणि वर तुमची चूकही दाखवतो.

कुईका कुठे वापरू?

तो रडका-हसरा ‘हुईक’ आवाज ना? कातड्याला आतून बांधलेली काडी ओल्या फडक्याने घासतात आणि बाहेरून बोटाने कातडं दाबून सूर चढवतात. गाण्यात एकदा. फार तर दोनदा.

पावसाळ्यात पांदेइरोचं कातडं ढेपाळतं. काय करायचं?

बकऱ्याचं कातडं हवेतलं पाणी पितं, ढोलकीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. जून ते सप्टेंबर मी प्लॅस्टिकच्या कातड्याचा दुसरा पांदेइरो काढतो. आवाज कोरडा, पण भरवशाचा. कातड्याचाच हवा असेल तर वाजवण्याआधी पंधरा मिनिटं पिवळ्या बल्बच्या उबेत ठेवा, दर दोन मिनिटांनी बोटाने टिचकी मारून सूर बघत. गॅसवर धरू नका. माझ्या पहिल्या पांदेइरोच्या कातड्याला रुपयाएवढं भोक आहे ते त्यानेच.